अजून थोडं एशियन

अठ्ठावीस हजारांतले अकरा काजूच्या बियांचे,
बाकीचे स्वरूपा घाडीच्या कोर्सच्या फीचे,
जे तिच्या बापाला वाटतं अजून बँकेत आहेत.

फिल्म खोटी, पण डॉक्युमेंटरीसारखी.
म्हणजे काय, ते तारामुंबरीच्या जेटीवर
मी चार वेळा समजावलं.
पाचव्यांदा तातू खडपे म्हणाला,
"कळला रे. खोटा बोलाचा, पण तोंड खऱ्याचा ठेवचा."

तातू आमचा नायक. अनुभवी माणूस.
वीस वर्षांमागे एका परदेशी सिनेमात
तो एकाच आठवड्यात तीनदा मेला होता:
सोमवारी व्हिएतनामी, बुधवारी बर्मी,
शुक्रवारी कुठला ते त्याला सांगितलंच नाही,
फक्त टोपी बदलली.
लुंगी तीच, घरची.
रोजचे तीनशे, मेल्याचे पन्नास जादा.
पुळणीत पडून राहायचं, हलायचं नाही.
"एक कुर्ली तर कानात बघून गेली,"
हे सांगताना तातू अजूनही हलत नाही.

त्या साहेबाचं काम आमच्यात बस्त्याव डिसोझाकडे.
बर्फाच्या फॅक्टरीतून दोन तास सुटून यायचा.
काथ्याचा सोनेरी विग,
दशावतारवाल्यांकडून मागून आणलेला सफेदा.
घामाने तो कानामागून ओघळे
आणि कॉलरवर युरोपचा नकाशा उमटे.
इंग्रजी त्याचं होडीच्या इंजिनाच्या पुस्तिकेतलं.
तेवढं पुरलं.
"मोर एशियन!" तो कातळावरून ओरडे.
तातू मान खाली घाली.
"मोर!" तातू हात जोडी.
"मोर!" तातू एका पायावर, बगळ्यासारखा,
मागे देवगडच्या पवनचक्क्या गरगरत.
"मोर!"
मग तातूने लुंगीचे दोन सोगे धरून पिसारा फुलवला.

स्वरूपा हसत होती, मोबाईल हलत होता.
तो हलता शॉट आम्ही ठेवला. खरं वाटतं.

मग सीन सतरा.
साहेबाला हवा एक 'टिपिकल पूर्वेकडचा' रखवालदार.
शोधायचं कशाला, खवणेकरांच्या आंब्याच्या बागेत
आमचा बहादूर होताच.
संवाद मी लिहिला होता, एका ओळीचा,
रात्री, चहा पिता पिता, स्वतःशी हसत:
'हां शाब जी.'

तो आला. काठी होती, शिट्टीही होती.
कागद दोनदा वाचला.
देवनागरी त्याला आमच्याआधीपासून येते,
हे मला तिथे उन्हात आठवलं.
म्हणाला, "साहेब म्हणूक माका येता.
शाब कित्याक म्हणू?"

विनोद आहे रे, मी म्हटलं. आपण त्यांची चेष्टा करतोय.
"त्यांची?"
बस्त्यावने विग काढून हातात धरला,
मयताला टोपी काढतात तसा.

"आणि माजा नाव बहादूर नाय. दिलमान रोकाया.
नव हंगाम झाले.
हजेरीच्या वहीत बगा, थयसर पण बहादूरच लिवलला आसा."

तातूने त्याला जागा करून दिली चिऱ्यावर.
विचारलं, गाव खय? म्हणाला, जाजरकोट.
थय मासे गावतत? नदीत गावतत.
हे सगळं रेकॉर्ड झालं, स्वरूपा बटण दाबायची विसरली नव्हती.

सीन सतरा पुन्हा लिहिला.
दिलमान साहेबाच्या खुर्चीवर, मी कॅमेऱ्यासमोर.
"अजून थोडो कोकणी," तो म्हणाला, शांतपणे.
आणि माझे खांदे आपोआप उतरले,
तोंड वाकडं झालं, आवाज गाऱ्हाण्याला लागला,
पिक्चरमधला नोकर माझ्यात कधीचा
कपडे घालून तयार बसला होता.
"अजून थोडो."
तेही जमलं मला.

संध्याकाळी हिशेब.
दिलमानने मागितले तीनशे, वर पन्नास जादा.
"मेलो कोण?" तातूने विचारलं.
"बहादूर."

सुट्टे नव्हते कुणाकडे.
बस्त्यावने दिले, नोट ओली होती, सफेद्याने माखलेली.